पाटातून जाणारे गेनूनाना

गेनूनाना मला पहिल्यांदा दिसले ते टोपीएवढेच. जुन्नरात एक बैठं घर विकायला आहे असं कळलं म्हणून मी आणि माझी बायको सुमन ते पाहायला आलो होतो. घरमालक आत किल्ली शोधत होता. आम्ही दारात उभे होतो. तेवढ्यात समोरून, जमिनीलगत, एक पांढरी टोपी चालत गेली. टोपीच्या खाली माणूस नव्हता. ती बेताच्या वेगानं डावीकडून उजवीकडे गेली, आमच्या बरोबर समोर थांबली, आणि जमिनीतून आवाज आला, "नवीन पॅशिंजर का?"

सुमननं माझा दंड धरला. मी डॉक्टर असल्यामुळे घाबरलो नाही, असं मी पुढे बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. प्रत्यक्षात मी तिच्या मागे सरकलो होतो, आणि माझा दंड तिच्या हातात असल्यामुळे तीही माझ्याबरोबर मागे ओढली गेली होती.

घराच्या दारात आणि रस्त्यात एक जुना दगडी पाट होता. डोंगराच्या पायथ्याचं पाणी गावातल्या बागांना द्यायला कोणी तरी कधी तरी बांधलेला. दोन्ही अंगांनी घडीव दगड, खोली छातीच्या वर, रुंदी एखाद्या बैलगाडीपेक्षा कमी. बागा केव्हाच गेल्या आणि त्यांच्या जागी आमच्यासारख्यांची घरं आली. पाटाला पावसाळ्यात पाणी असे. बाकीचे महिने तो कोरडा पडलेला असे, आणि त्या कोरड्या पाटातून गेनूनाना बाजारात जात आणि बाजारातून येत. रस्ता हाताच्या अंतरावर होता. तो चांगला डांबरी होता. पण नाना पाटातूनच जाणार. बेताच्या उंचीचा माणूस असल्यामुळे काठावर फक्त टोपी दिसे, आणि ऊन असलं तर छत्री.

मी एकदा त्यांना विचारलं की नाना, रस्ता असताना खालून का जाता? त्यांनी मान वर केली. "रस्त्यानं कोन बी जातंय, डॉक्टर. ही आपली स्पेशल गाडी."

नाना एस.टी.तून कंडक्टर म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. म्हणजे कागदावर झाले होते. तोंडातून एस.टी. गेली नव्हती. कोणाचं लग्न ठरलं की नाना म्हणत, त्याचं रिझर्वेशन झालं. कोणी वारलं की म्हणत, उतरला. मुलगा दहावीत नापास झाला की तो 'ष्टँडातच' राहिलेला असे. भाजीवाल्यासमोर बायकांची गर्दी असली की मागून "पुढं सरका, पुढं लई जागा हाये" असं ऐकू येई, आणि बायका खरंच सरकत. आवाजच तसा होता. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला ते पेढे घेऊन आले तेव्हा सुमनला म्हणाले, "वहिनी, डबल शिटवर येवढा लांबचा प्रवास म्हंजी कमाल हाये. पॅशिंजर तरास देतोय का?" सुमन म्हणाली, देतो. तेव्हापासून त्या दोघांचं चांगलं जमलं.

पाट कोणी बांधला याबद्दल नानांची माहिती ऐकणाऱ्यावर अवलंबून असे. गणेश मंडळाची पोरं असली की पाट शिवकालीन होई. बाजारात फळांची हातगाडी लावणारे मुनीरभाई समोर असले की तो कुठल्याशा बादशहानं बांधलेला असे, आणि बादशहा फळांचा फार शौकीन असे. लेणी पाहायला आलेली शाळेची सहल वाट चुकून आमच्या गल्लीत शिरली, तेव्हा नानांनी पाट लेण्यांच्याही मागे नेऊन ठेवला. मी एकदा म्हणालो की नाना, खरं काय ते सांगा. ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "तुमच्यासाठी इंग्रजांनी बांधला म्हना. तुमाला इंग्रजी औषदाची आवड." मी होमिओपॅथ आहे हे त्यांना माहीत होतं.

पण नानांचा खरा जाच वेगळा होता. पाटात कोणी काही टाकलं की ते उचलून ज्याचं त्याच्या दारात नेऊन देत. रागावत नसत, ओरडत नसत. दार वाजवायचं आणि म्हणायचं, "तुमचं सामान राह्यलं व्हतं गाडीत." आणि फुटका माठ हातात द्यायचा. गल्लीतल्या प्रत्येक घरानं असं सामान परत घेतलेलं होतं. नारळाच्या शेंड्या, तुटकी चप्पल, उंदरानं कुरतडलेली उशी. माझ्या दारात एकदा माझीच जाहिरातीची पत्रकं परत आली. 'जुनाट व हट्टी विकारांवर हमखास इलाज', खाली माझं नाव आणि डिग्री. ती मी हौसेनं छापून घेतली होती आणि एका पोराला वाटायला दिली होती. पोरानं सगळा गठ्ठा पाटात वाटला होता. नानांनी तो झटकून, नीट चौकोनी करून आणला. म्हणाले, "कोरी हायेत अजून. वापरा."

आता माझ्या दवाखान्याबद्दल सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल.

मी मूळचा मंचरचा. तिथे डॉक्टर इतके झाले होते की एका पेशंटच्या वाट्याला दोन दोन येऊ लागले. म्हणून मी जुन्नरात आलो. पुढच्या खोलीत दवाखाना आणि मागे घर. काचेच्या कपाटात पांढऱ्या गोळ्यांच्या बाटल्या ओळीनं लावल्या, भिंतीवर डिग्री टांगली, आणि खुर्चीत बसलो. बसून राहिलो. पेशंट येईना. सुमननं सुचवलं की तुम्ही जरा कमी बोलत जा, पेशंटला त्याच्या पोटदुखीबद्दल बोलू द्या, तुमच्या नको. मला ते कारण पटलं नाही. मी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि मला कारण दिसलं. पाट.

पाट ओलांडायला एक अरुंद फळी होती. म्हातारी माणसं तिच्यावर पाय ठेवायला बिचकायची. रिक्षा पलीकडेच थांबायची. दम्याचा पेशंट फळी ओलांडून येईपर्यंत, माझ्या मते, बरा होऊन परत जात असे. पुढे मी एक जुनी मारुती घेतली. ती दारात येईना. पाटापलीकडे रसवंतीच्या शेजारी उभी राहायची, तिच्या टपावर शेळ्या झोपायच्या, आणि मला रोज लेंड्या झाडून मगच डॉक्टर म्हणून बाहेर पडावं लागे.

माझी ही अवस्था पाहून नाना रोज सकाळी माझ्या बाकावर येऊन बसू लागले. आजार काही नसे. मी विचारलं, नाना, काय होतंय? ते म्हणाले, काही नाही, तुम्ही तुमचं काम करा. मी म्हणालो, मला काम नाही. मग त्यांनी आवाज खाली केला. "म्हनूनच बसतोय. रिकामी गाडी बघून पॅशिंजर चढत न्हाई, डॉक्टर. एकजन आत बसल्याला दिसला की दुसरा चढतोय." आणि तोंडावर आजारी माणसाचा भाव आणून ते तासभर बसून राहिले. पुढे त्यांना त्यात गोडी लागली. आज पाठदुखी, उद्या चक्कर. एकदा त्यांनी फेफऱ्याचा प्रयत्न केला आणि खरोखर आलेला एकुलता एक पेशंट पळून गेला.

अशा माणसाविरुद्ध मी समिती काढली.

पाटावर स्लॅब टाकून रस्ता करावा आणि बाजाराकडच्या अंगाला त्यावर गाळे काढावेत, अशी कल्पना गावात बरीच वर्षं फिरत होती. आमच्या गल्लीतल्या लोकांना रस्ता हवा होता, बाजारातल्यांना गाळे. रस्ता कृती समिती स्थापन झाली आणि मला अध्यक्ष केलं. मला वाटलं, माझं वक्तृत्व पाहून केलं. नंतर कळलं की सगळ्यांत छापील लेटरहेड फक्त माझ्याकडे होतं. त्यावरून अर्ज जाऊ लागले. 'जुनाट व हट्टी विकारांवर हमखास इलाज' या ओळीखाली मी लिहीत असे की सदर पाट हा गावाच्या प्रगतीतील अडथळा आहे.

नानांना मी स्वतः जाऊन हे सांगितलं. म्हणजे ते पाटातून जात असताना काठावर उकिडवा बसून सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि विचारलं की मग पाणी कुठून जाणार. मी म्हणालो, खालून जाईल, स्लॅबच्या खालून. ते बरं म्हणाले आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी बाकावर हजर होते. पोटात कळ येते म्हणाले.

अर्ज वर गेले आणि वरच राहिले. तेव्हा आमच्या समितीत ठरलं की आपणच पदरचे पैसे घालून थोडा तुकडा झाकून दाखवावा, नमुना म्हणून. नमुना कुठे करायचा यावर चर्चा झाली. मी अध्यक्ष असल्यामुळे तो माझ्या दारासमोर करायचं ठरलं. एका रविवारी गवंडी आला, आणि माझ्या फाटकापासून शेजारच्या फाटकापर्यंत पाट झाकला गेला. मी मारुती घेऊन आलो आणि दारात उभी केली. नारळ फोडला. शेळ्याही आल्या.

नानांचा रस्ता मात्र तिथे तुटला. ते स्लॅबपाशी येत, दगडांच्या सांध्यात पाय रोवून वर चढत, माझ्या दारापाशी येऊन घंटी दोनदा वाजवत, आणि पलीकडे पुन्हा पाटात उतरत. घंटी का वाजवता, असं सुमननं विचारलं. "डबल बेल दिल्याबिगर गाडी हालत न्हाई, वहिनी. इथं ब्रेकडाऊन हाये, गाडी बदलायला लागती." जाताना डबल बेल आणि येताना डबल बेल. मी घाईघाईनं पेशंटसाठी सदरा घालून दार उघडायचो आणि पलीकडे उतरणारी टोपी दिसायची.

त्या वर्षी श्रावणात एका दुपारी असा पाऊस लागला की पलीकडचा रस्ता दिसेना. मी जेवून लवंडलो होतो. पाय गार लागले म्हणून डोळे उघडले, तर माझी चप्पल दवाखान्याकडून घराकडे येत होती. पाटातून वाहत आलेला कचरा, पिशव्या, कोणाची तरी गादी, सगळं माझ्या नमुन्याखाली जाऊन गच्च बसलं होतं. पाण्याला पुढे वाट नव्हती. त्याला माझं दार उघडं दिसलं आणि ते आत आलं.

काचेचं कपाट आडवं झालं. माझ्या साऱ्या बाटल्या फुटल्या, साऱ्या गोळ्या विरघळल्या. आमच्या शास्त्रात औषध जितकं पातळ करावं तितकं ते प्रभावी होतं असं मानतात. त्या दुपारी माझं संपूर्ण औषधभांडार पावसाच्या पाण्यात मिसळून खालच्या आळ्यांमधून वाहत गेलं. ते बहुतेक लागू पडलं असावं. पुढचे कितीतरी दिवस माझ्याकडे कोणी आलं नाही.

पावसातून पहिले आले ते नाना. हातात पहार होती आणि मागे मुनीरभाई आणि गल्लीतले चार लोक. नाना स्लॅबवर पालथे पडले आणि काठावरून डोकावून आत छत्री खुपसू लागले. छत्री पाण्यानं ओढून नेली. मग लोकांनी पहारी घालून माझा नमुना फोडला. मी समितीचा अध्यक्ष या नात्यानं पायरीवर उभा राहून सूचना देत होतो. मुनीरभाईंनी शेवटी एक घमेलं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, डॉक्टरसाब, बोलता बोलता पाणी उपसा. गादी निघाली तसं पाणी गडगडत पुढे गेलं. संध्याकाळपर्यंत घर रिकामं झालं, सगळ्याच अर्थांनी.

नाना चिखलात बसून धापा टाकत होते. मी त्यांच्या शेजारी बसलो. आता ते काय बोलतील त्याची मी तयारी करून ठेवली होती. ते एवढंच म्हणाले, "वहिनीला च्या टाकायला लावा. सगळी भिजल्यात."

पावसाळा संपल्यावर शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. पुण्याहून जुन्या बांधकामांचा अभ्यास करणारी एक तरुण बाई आली होती. तिनं काही दिवस पाट मोजला होता. ती म्हणाली, हा गावाचा वारसा आहे, हेरिटेज आहे, झाकू नका. नाना पहिल्या रांगेत बसले होते. हेरिटेज हा शब्द त्यांना फारच आवडला. तो त्यांनी पुढे बऱ्याच गोष्टींना लावला. सुमनच्या जात्याला, मारुतीला, आणि एकदोनदा मलाही.

मग मुनीरभाई उठले. ते सरळ माणूस. त्यांनी सांगितलं की पाटावर माझं प्रेम नाही असं नाही, त्या दिवशी पहार मीच घातली. पण माझा बाप उन्हात हातगाडीवर उभा राहिला, मीही राहिलो. बाजाराकडे गाळे झाले तर मला एक मिळेल. माझ्या डोक्यावर छप्पर येईल. दगड जपायचे आणि माणसं उन्हात, हे कसं? त्या बाईनं मान खाली घातली. मी अध्यक्ष म्हणून उठलो, आणि नेमकं कुठल्या बाजूनं बोलायचं हे न ठरल्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलून खाली बसलो.

तेव्हा नाना उभे राहिले. सभेत मी त्यांना कधी बोलताना पाहिलं नव्हतं. लोक हसायच्या तयारीत होते. ते मुनीरभाईंकडे वळून बोलले.

"मुनीरभाई, तुमी बसा. तुमाला जागा पायजेच. बाजाराच्या तोंडाशी करा गाळे, तिथं पाट तसाबी पडल्याला हाये. डॉक्टरला गाडी दारात पायजे, त्याला बी पूल बांधून द्या. माझं कायबी म्हननं न्हाई. पन बाकीचा उघडा ठेवा. पान्याचं रिझर्वेशन आपल्या आधीचं हाये राव. आपन त्याला न इचारता त्याच्या शिटवर बसलोय. ते आलं की म्हननार, उठा."

हशा झाला खरा, पण तो लगेच थांबला.

शेवटी जवळपास तसंच झालं. बराच काळ गेला, आराखडे बदलले, पण झालं. बाजाराच्या तोंडाशी पाट झाकून वर गाळे आले, खाली पाण्याला मोठी वाट ठेवली. मुनीरभाईंना टोकाचा गाळा मिळाला. बाकीचा पाट उघडा राहिला. त्याचे निखळलेले दगड बसवले, काठानं पायवाट केली, आणि ओलांडायला दोन छोटे पूल बांधले. एक पूल माझ्या दारासमोर आला. मी त्याच लेटरहेडवर आभाराचं पत्र लिहिलं. सदर पाट हा गावाच्या प्रगतीचा मानबिंदू आहे, असं त्यात म्हटलं होतं.

मारुती दारात येऊ लागली. रिक्षा येऊ लागल्या. म्हातारी माणसं सहज येऊ शकत होती. पेशंट पूर्वीइतकेच राहिले. आता कारण शोधायला खिडकीबाहेर काही उरलं नव्हतं, म्हणून मी पडदा लावून घेतला.

नानांचं मात्र वय झालं होतं. गाळ्यांपाशी वर चढायचं आणि पलीकडे पुन्हा उतरायचं, हे गुडघ्यांना झेपेना. काही दिवस मुनीरभाईंनी हात दिला. मग ते पाटाच्या काठानं, पायवाटेवरून जाऊ लागले. सगळ्यांना ते आता पूर्ण दिसत. आम्हाला ते बरं वाटेना.

इतक्या वर्षांत मी नानांच्या खोलीवर कधी गेलो नव्हतो. ते गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटे राहत. मुलगा चाकणला कंपनीत होता, तो सणावाराला येऊन जाई. कोणी घरी येतो म्हटलं की नाना म्हणत, खोलीत काय बघायचं, मीच येतो. मे महिन्यात ते काही दिवस गायब असत. आम्ही समजत होतो की मुलाकडे जात असतील.

एका मेमध्ये सकाळी ते बाकावर आले, पण आजारी झाले नाहीत. टोपी मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले की डॉक्टर, गाडी मोकळी असली तर मला जरा न्याल का. एस.टी. थांबते तिथून पुढं चालायला लागतं आणि यंदा गुडघे ऐकत नाहीत. त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याची ती पहिली वेळ होती. मी दवाखान्याला कुलूप लावलं. त्यासाठी फार विचार करावा लागला नाही.

आम्ही घोडेगावावरून डोंगरांकडे निघालो. वाटेत नाना फार बोलले नाहीत. धरण दिसू लागलं तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांचं गाव ह्या पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी आटलं की गावाचा वरचा भाग उघडा पडतो. मला माहीत होतं की वरच्या अंगाची काही गावं धरणात गेली. नाना त्यातले, हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं बाकावर शेजारी बसून मी त्यांना माझ्या पोटदुखीबद्दल सांगत आलो होतो.

मी विचारलं, नाना, तुमचा राग नाही का या धरणावर? ते काचेतून बाहेर बघत म्हणाले की राग कशाचा, खालच्या लोकांची शेती भिजली, त्यांची पोरं शिकली, धरण नको होतं असं मी कधी म्हटलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "गावात एस.टी. जायाची. त्या मार्गावर लई वर्सं मीच व्हतो. शेवटची गाडी गेली तवाबी मीच व्हतो. मानसं, कोंबड्या, भांडी, समदं भरून आनलं. निघताना डबल बेल द्यायची व्हती. मला दोरीकडं हात वर करता येईना. ड्रायव्हर वळून बघत व्हता."

मी समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिलो.

गाडी उभी करून आम्ही खाली उतरलो. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. पाण्याच्या कडेला काही दगडी जोती उघडी होती, देवळाचा चौथरा होता, आणि दोन्ही बाजूंनी दगड रचलेली, आमच्या पाटाएवढीच एक अरुंद बोळ जोत्यांमधून खाली पाण्यात गेलेली होती. नानांनी माझा हात सोडला. त्या बोळीतून ते गुडघ्याचं दुखणं विसरल्यासारखे चालू लागले. हाताचे तळवे दोन्ही बाजूंच्या दगडांना लागत होते. मी मागे राहिलो.

एका जोत्यापाशी ते थांबले. गुडघाभर उंचीचं जोतं, त्यावर गाळाचा थर, आणि पुढे एक पायरी. नाना पायरीवर चढले. आत जाऊन त्यांनी पायानं गाळ बाजूला केला. मग हातानं दाखवत सांगितलं की ही चूल, इथं जातं, ह्या कोपऱ्यात पोरगं झालं. आणि इथं, भिंतीकडेला, तिची खाट असायची. त्यांची बायको गावातच वारली होती, धरणाचं पाणी यायच्या आदल्या पावसाळ्यात. "बरं झालं," नाना म्हणाले. "तिला दुसरीकडं न्यावं लागलं न्हाई. तिला गाडी लागायची."

मी बाहेर बोळीतच उभा होतो. ऊन रणरणत होतं आणि आजूबाजूला कोणी नव्हतं. काय बोलावं ते मला सुचत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी ते तसंच राहू दिलं.

नानांनी वळून पाहिलं. मी अजून बाहेरच आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते ओशाळले. पाहुण्याला दारात ताटकळत ठेवल्यावर घरचा माणूस ओशाळतो, तसेच. त्यांनी घाईनं टोपी सारखी केली, आणि भिंतीच्या बाजूला, जिथे नुसता वाळलेला गाळ होता तिकडे, तोंड करून हळू म्हणाले, "अगं, पावणं आल्यात."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "या डॉक्टर, आत या. चौकट ठेंगणी हाये, डोकं सांबाळा."

मी पायरीशी चपला काढल्या आणि वाकून आत गेलो.